भूगर्भातील कार्बन साठवण : खडक निर्विकार नसतो

औष्णिक वीज केंद्रे, पोलाद आणि सिमेंट कारखाने यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साईड वातावरणात जाऊ न देता भूगर्भात कायमचा गाडून टाकावा, हा विचार आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत जाहीर केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नीती आयोगाने कार्बन पकडणे, वापरणे आणि साठवणे यासंबंधीच्या धोरणाची रूपरेषा मांडणारा अहवाल प्रसिद्ध केला. या पार्श्वभूमीवर, ज्या खडकांत हा वायू भरला जाणार आहे त्यांच्यावर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

साधारणतः ८०० मीटरपेक्षा अधिक खोलीवर दाब आणि उष्णता इतकी असते की हा वायू द्रवासारखा दाट होतो आणि त्याचे आकारमान शेकडो पटींनी घटते. तो भूगर्भातील एखाद्या पोकळीत नव्हे, तर वालुकाश्मासारख्या सच्छिद्र खडकाच्या सूक्ष्म रंध्रांत भरला जातो. ही रंध्रे रिकामी नसतात; त्यांत खारे पाणी असते. साहजिकच नव्या पाहुण्याला जागा देताना आधीचे पाणी बाजूला रेटले जाते आणि आतील दाब वाढतो. खारे पाणी दूरवर सरकू शकते, म्हणून वायू जितक्या क्षेत्रात पसरतो, त्यापेक्षा कितीतरी मोठ्या क्षेत्रात हा दाब जाणवतो.

दाबाचा पहिला धडा अल्जीरियातील इन सालाह प्रकल्पाने दिला. तेथे २००४ ते २०११ या काळात सुमारे ३८ लाख टन वायू जवळपास १९०० मीटर खोलीवरील वालुकाश्मात सोडण्यात आला. उपग्रहांच्या रडार निरीक्षणांतून विहिरींच्या परिसरातील वाळवंटाचा पृष्ठभाग दरवर्षी काही मिलिमीटर वर उचलला जात असल्याचे दिसून आले. एका विहिरीजवळील उंचवट्याचा आकार पाहता खोलवर तडा रुंदावला असावा, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. आच्छादक खडकातून वायू पृष्ठभागावर आला नाही. तथापि वरच्या आच्छादक खडकाच्या अभेद्यतेविषयी शंका निर्माण झाली आणि २०११ मध्ये वायू सोडणे थांबविण्यात आले.

नॉर्वेचा अनुभव तुलनेने दिलासादायक आहे. उत्तर समुद्रातील स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून, सुरुवातीच्या काळात वर्षाला जवळपास १० लाख टन या गतीने, वायू साठविला गेला. मात्र वायूला अडवतील असे वाटलेले शेल खडकाचे पातळ थर त्याने अवघ्या तीन वर्षांत ओलांडले. वरच्या जाड आच्छादनाने तो रोखला, ही जमेची बाजू. त्याच देशातील स्नोव्हित प्रकल्पात २००८ मध्ये काम सुरू झाल्यावर दाब अपेक्षेहून वेगाने वाढला आणि २०११ मध्ये वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. दोन्ही ठिकाणी पूर्वतयारीत उणीव नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. खडकाचा खरा स्वभाव वायू भरू लागल्यावरच उमगला.

दाबाबरोबरच रासायनिक परिणामही होतात. पाण्यात विरघळलेला वायू सौम्य आम्ल तयार करतो. हे आम्ल वाळूचे कण सांधणारी चुनखडी विरघळवते, त्यामुळे काही ठिकाणी खडक दुबळा होऊ शकतो. उलट विहिरीलगत पाणी सुकून मीठ साचते आणि रंध्रे बुजतात. दीर्घकाळात मात्र हेच आम्ल खनिजांतील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह सोडवून त्यांची कार्बोनेट खनिजे बनविते. म्हणजे वायूचाच दगड होतो. वालुकाश्मात याला शतके, सहस्रके लागतात. आइसलँडमधील बेसॉल्ट खडकात मात्र २०१२ मध्ये पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले.

येथेच महाराष्ट्राचा संबंध येतो. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दख्खनचा पठारी खडक बेसॉल्टच आहे. परंतु आइसलँडचा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करणे घाईचे ठरेल. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा असून त्यातील पुष्कळशी रंध्रे झिओलाइटसारख्या खनिजांनी आधीच भरली आहेत. त्याची जाडी पश्चिमेकडे एक किलोमीटरहून अधिक असली, तरी किल्लारी परिसरात ती जेमतेम साडेतीनशे मीटर आहे. शिवाय आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूमागे वीस टनांहून अधिक पाणी लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात हे पाणी आणायचे कोठून?

भूकंपाचा प्रश्नही टाळता येणार नाही. अमेरिकेतील डिकेटर येथे २०११ ते २०१४ या काळात सुमारे १० लाख टन वायू सोडला असता हजारो सूक्ष्म धक्के नोंदले गेले. ते माणसांना जाणवण्याइतके तीव्र नव्हते. परंतु त्यांतील अनेक साठवणीच्या थराखालील मूळ पाषाणात उद्भवले होते. भूगर्भातील पाण्याच्या दाबाने भ्रंश कसे सरकतात, हे महाराष्ट्राने ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेत अनुभवले आहे. धरणाच्या जलाशयाशी निगडित त्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने दीडशेहून अधिक बळी घेतले.

याचा अर्थ साठवण नकोच, असा नव्हे. कोळशावर अवलंबून असलेल्या देशाला हा मार्ग पूर्णपणे नाकारणे परवडणारे नाही. मात्र जागेची निवड करताना कारखान्याची सोय आधी आणि खडकाची परीक्षा नंतर, असा क्रम असता कामा नये. भ्रंशांचे नकाशे, वायू सोडण्याआधीपासूनची भूकंपनोंद, दाबाची ठरवून दिलेली मर्यादा आणि ती ओलांडताच काम थांबविण्याचा अधिकार या किमान अटी ठराव्यात. कंपनीचे आयुष्य काही दशकांचे असते, साठवणीचे सहस्रकांचे. त्या दीर्घ काळाची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर पहिली विहीर खोदण्यापूर्वी, त्या जमिनीवर राहणाऱ्यांना मिळायला हवे.