खंड्याचें घर आणि आमची फरसबंदी

सध्यां गांवोगांवच्या नगरपालिकांस नदीनाल्यांच्या सुशोभनाची मोठी हौस उत्पन्न झाली आहे. दोन्ही कांठ दगडांनीं बांधून काढावे, त्यांवर फरसबंद वाट करावी, वाटेवर दिवे व बांकें मांडावीं आणि प्रवेशद्वाराशीं पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचा फलक लावावा, म्हणजे नागरिकांस निसर्गदर्शन घडतें, असा हा सिद्धांत आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतहि त्याचे पुरस्कर्ते भेटतात. ते सज्जन आहेत व त्यांचा हेतु शुद्ध आहे, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु ज्या पक्ष्यांच्या दर्शनासाठीं ही वाट बांधावयाची, त्यांनाच ती हांकून लावते, हें त्यांस कोणीं तरी सांगितलें पाहिजे.

फलकावरील पहिलें चित्र बहुधा खंड्याचें असतें. पण खंड्या राहतो कोठें? नाल्याच्या उभ्या दरडींत चोंचीनें बीळ कोरून त्याची जोडी आंत अंडीं घालते. वेडा राघूहि भुसभुशीत कांठांत असेंच बीळ करतो. त्या दरडीवर दगडांचा थर बसला, कीं घर बुजलें. धोबी आणि तुतवार कडेच्या चिखलांतील किडे टिपून पोट भरतात. पाणकोंबडी लव्हाळ्यांत पिलें लपविते. सुगरण पाण्यावर वाकलेल्या बाभळीस खोपे टांगते. चिखल, लव्हाळे आणि बाभळी हीं तिन्ही सुशोभनकारांच्या यादींत 'घाण' या सदराखालीं पडतात! पक्ष्यांचें चित्र ठेवावयाचें आणि त्यांचा संसार उचलून फेकावयाचा, असा हा न्याय आहे.

यावर असें म्हणण्यांत येतें, कीं वाट नसेल तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं व लेंकराबाळांनीं पक्षी पहावे कसे? आणि जें पाहिलें नाहीं, त्यावर प्रेम तरी कसें जडावें? हा आक्षेप मी हसण्यावारीं नेत नाहीं. माझ्याहि गुडघ्यांस आतां चढउतार सोसत नाहीं. पण वाट हवी, म्हणून कांठ बांधलाच पाहिजे, हें कसें सिद्ध झालें? वाट पाण्यापासून पंचवीस-तीस पावलें दूर, एकाच तीरावरून न्यावी. दुसरा तीर आहे तसा सोडावा. रात्रीं दिवे नसावे. आणि पाण्याच्या बाजूस झुडुपांच्या आडोशाला बसावयाची एखादी जागा असावी. एवढ्यानें आजोबा व नातू या दोघांचीहि सोय होते, आणि खर्चहि कमी येतो. कदाचित् हेंच या सूचनेचें मोठें वैगुण्य असेल!

पुण्यांत मुळा-मुठेच्या कांठीं सुमारें ४४ किलोमीटर लांबीच्या अशाच एका योजनेची पायाभरणी २०२२ सालीं झाली, आणि तेथील नागरिकांस झाडांसाठीं व पक्ष्यांसाठीं रस्त्यावर यावें लागलें. आपण निदान पायाभरणीपूर्वीं तरी बोलावें. शिवाय आमच्या जिल्ह्यांत प्रश्न केवळ पांखरांचा नाहीं. पांढरकवड्याजवळील टिपेश्वर अभयारण्यांतला एक तरुण वाघ २०१९ सालीं बाहेर पडला आणि १,३०० किलोमीटरांहून अधिक चाल करून बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. त्याच्या गळ्यांत यंत्राचा पट्टा होता, म्हणून ती वाटचाल आपणांस कळली. पट्टा नसलेलीं किती जनावरें रात्रीं नाल्यांच्या झुडुपांतून ये-जा करतात, याचा हिशेब कोण ठेवतो? दिवसां आपण जेथें हवा खातों, तोच रात्रीं त्यांचा रस्ता असतो.

गेल्या हिवाळ्यांत अशाच एका नव्या वाटेवर फलकापाशीं उभा असलेला एक मुलगा मला विचारूं लागला, "सर, हा निळा पक्षी येथें कोठें दिसेल?" मी त्यास नाल्याचे दोन्ही गुळगुळीत कांठ दाखविले आणि गप्प राहिलों. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते. म्हणून वाचकांस इतकीच विनंति, कीं आपल्या गांवीं सुशोभनाचा नकाशा मांडला जाईल तेव्हां एकच प्रश्न विचारावा: यांत मातीचा कांठ किती शिल्लक राहणार आहे? उत्तर मिळेपर्यंत बसूं नये.