वाट पाहण्याची किंमत

अडीच वर्षांचे मूल बोलत नसले, की घरातील वडीलधारी मंडळींचे उत्तर ठरलेले असते : ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तीन वर्षांनी बोलू लागला.’ हे उत्तर दिलासा देणारे असते आणि पुष्कळदा खरेही ठरते. परंतु ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत ते खोटे ठरते, त्यांची मोलाची वर्षे या दिलाशापायी खर्ची पडलेली असतात. हाक मारल्यावर वळून न पाहणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखविणे, एकच हालचाल पुनःपुन्हा करीत राहणे, ही लक्षणे स्वमग्नतेची असू शकतात, आणि त्यांची वेळेवर तपासणी व्हावयास हवी.

तपासणी या शब्दाचीच पालकांना धास्ती वाटते. तेथे जाण्यापूर्वी मुलाकडून रंगांची नि प्राण्यांची नावे घोकून घेतली जातात. वस्तुतः ही परीक्षा नव्हे. स्वमग्नतेचे निदान रक्ताच्या चाचणीने होत नाही. ते मुलाच्या वर्तनाचे निरीक्षण आणि पालकांनी दिलेली माहिती यांवरून होते. म्हणून पालकांची तयारी म्हणजे मुलाला पढविणे नव्हे, तर स्वतः अचूक साक्ष देणे होय. पहिला शब्द कधी आला, आलेले शब्द पुढे नाहीसे झाले काय, मूल कशाने बिथरते, कशात रमते, यांची नोंद वहीत करावी. जेवणाखेळण्याच्या वेळचे मोबाइलवरील चित्रण सोबत न्यावे, कारण अनोळखी खोलीत मूल घरच्यासारखे वागत नाही. श्रवणचाचणी करून घ्यावी. ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. घरात मराठी असो वा अहिराणी, ती भाषा तज्ज्ञास सांगावी. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्नता येत नाही आणि उपचारासाठी मायबोली सोडण्याचे कारण नाही. शिवाय वाचोपचार सुरू करण्यास निदानाचा शिक्का मिळेपर्यंत थांबावे लागत नाही.

कुटुंबाने एवढी तयारी केली, तरी समाजाची तयारी किती, हा खरा प्रश्न आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेला स्थान नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत ती समाविष्ट झाली. दरम्यान फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी आणि गरज असलेल्यांची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे रवानगी, अशी त्याची रचना आहे. परंतु मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. म्हणजे भाषा घडण्याची पहिली वर्षे हक्काच्या कुंपणाबाहेरच राहतात.

या वर्षांचा खर्च कुटुंबाच्या माथी पडतो. वाचोपचाराचे शुल्क दिसते. तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी एस.टी.ने घातलेल्या खेपा, बुडालेली मजुरी आणि बहुधा आईनेच सोडलेली नोकरी हा वैकल्पिक खर्च कोणत्याही पावतीवर उमटत नाही. सधन पालक खासगी केंद्राकडे वळतात. इतरांच्या वाट्याला रांग येते. रांगेतील प्रतीक्षा हा गरिबावरील अलिखित करच होय, आणि तो त्याच्या मुलाच्या बालपणातून वसूल होतो.

यावरील उपाय अवाढव्य नाहीत. प्रारंभिक लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण अंगणवाडी सेविकेस नीट मिळावे; मात्र तिच्यावरील कामाचा बोजा ध्यानात घेऊन त्याचा मोबदलाही मिळावा. वाचोपचारतज्ज्ञाने ठरावीक दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावे. पालकांना घरी करावयाचे उपाय शिकविले जावेत, कारण मूल तज्ज्ञाजवळ तासभर असते आणि उरलेला सारा दिवस घरात.

स्वमग्न मुलाला इतरांसारखे करून सोडणे हे या खटाटोपाचे साध्य नव्हे. भूक लागली, पोट दुखते, भीती वाटते, एवढे त्याला शब्दाने, खुणेने वा चित्राने सांगता यावे, हे साध्य आहे. जो समाज मुलाच्या पहिल्या शब्दाचे कौतुक करतो, त्याने तो न उमटणाऱ्या घराला वर्षानुवर्षे रांगेत उभे ठेवणे शोभत नाही.