व्हिडिओ होता, पुरावा नव्हता

जिल्ह्यातल्या एका गावी दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या मिरवणुकीवर दगडफेक झाली. वस्तीतल्या एका पोराने सारे मोबाईलवर टिपले. आम्ही चार कार्यकर्ते पोहोचलो तेव्हा तो व्हिडिओ गावभर झाला होता. पण ज्या फोनवर काढला तो मधल्या काळात दुरुस्तीला गेला आणि दुकानदाराने कोरा करून परत दिला. उरल्या त्या फिरून फिरून धूसर झालेल्या प्रती, एकीवर तर कोणी गाणेही चढवलेले. समोरच्या वकिलाने एवढेच विचारले, हा व्हिडिओ याच गावचा, याच दिवसाचा कशावरून? आमच्याकडे उत्तर नव्हते. कचेरीत व्हाउचरशिवाय दहा रुपयांची नोंद न करणारे आम्ही, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीचे व्हाउचर सांभाळले नाही!

वकिलाच्या त्या प्रश्नाचे उत्तर कसे द्यायचे, हे परदेशात आता विद्यापीठातल्या मुलामुलींना शिकवतात. अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मानवाधिकार केंद्राने २०१६ साली विद्यार्थ्यांची तपास प्रयोगशाळा काढली. वेगवेगळ्या विषयांची, वेगवेगळ्या भाषा जाणणारी मुले तिथे एकत्र बसतात. गुप्त काही नाही. लोकांनी टाकलेले व्हिडिओ, फोटो, उपग्रहाची चित्रे, जे कोणालाही पाहता येते तेच पारखून घ्यायचे.

पारखायचे कसे, ते आफ्रिकेतल्या कॅमेरूनच्या उदाहरणावरून कळेल. जुलै २०१८ मध्ये एक व्हिडिओ पसरला. सैनिक दोन बायांना आणि दोन लहान लेकरांना घेऊन जातात आणि गोळ्या घालतात. सरकार म्हणाले, खोटे आहे. बीबीसीच्या तपासकांनी अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि इतरांच्या मदतीने त्या चित्रातली मागची डोंगररांग उपग्रहाच्या नकाशाशी जुळवली. जागा सापडली, देशाच्या उत्तरेतील झेलेवेत गावाजवळ. घरे केव्हा होती, केव्हा नव्हती, हे जुन्या चित्रांवरून पाहिले. सैनिकांच्या सावल्या मोजून सूर्य कुठे होता ते काढले. तारीख निघाली २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ च्या दरम्यानची. सात सैनिकांना अटक झाली आणि २०२० साली लष्करी न्यायालयाने चौघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा दिली. मारणाऱ्यांना वाटले असेल की डोंगर काय बोलणार!

बर्कलेच्या मुलांना आणखी एक गोष्ट शिकवतात, ती आम्हांला फार पटली. असे व्हिडिओ एकट्याने बघायचे नाहीत, आवाज बंद ठेवायचा, चित्र लहान करायचे. आपल्याकडे अत्याचाराचे फोटो सकाळच्या चहाबरोबर दहा ग्रुपांवर ढकलतात. त्या बाईच्या लेकरांनी ते पाहिले तर काय होईल, याचा विचार कोण करतो?

याच केंद्राने रॉयटर्स वृत्तसंस्थेबरोबर २०१८ साली म्यानमारमधला फेसबुकवरचा मजकूर तपासला. रोहिंग्या आणि इतर मुसलमानांना कुत्री, अळ्या म्हणणारी, त्यांना मारा म्हणणारी एक हजाराहून अधिक उदाहरणे सापडली. आदल्याच साली सात लाखांवर रोहिंग्या जीव घेऊन बांगलादेशात पळाले होते. बंधू-भगिनींनो, म्यानमार हा बहुसंख्य बौद्धांचा देश आहे, आणि या द्वेषात चीवरधारीही सामील होते. हे लिहिताना हात अडतो, पण लिहिले पाहिजे. ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले, ते आपल्या बाजूच्या अफवांनाही लागू आहे.

आता आपल्या घरचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा व्हिडिओच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाईलचा अंकाक्षरी ठसाही द्यावा लागतो. फाईलमध्ये जरा बदल झाला तर ठसा बदलतो. जुन्या कायद्यातही प्रमाणपत्र होतेच. आपल्यापर्यंत ते पोहोचले नाही. म्हणून ज्याने काढला त्याने मूळ फाईल पुसू नये, कापू नये, फोन दुरुस्तीला देण्याआधी वकिलाला विचारावे. काढताना नुसती माणसे नकोत. दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा नंबर, पाण्याची टाकीही येऊ द्यावी. आणि त्याच रात्री कागदावर तारीख, वेळ, जागा लिहून खाली सही करावी.

गेल्या महिन्यापासून आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर हे सारे करून पाहतो. शिकवणारे आम्ही कच्चेच, मुलेच पुढे जातात. पहिल्या दिवशी अकरा जण आले, त्यांत तो पोरगाही होता. आता तालुक्याच्या कॉलेजात आहे. त्याने तोच धूसर व्हिडिओ लावला. मागे टाकी दिसते. टाकीचा जिना कोणत्या अंगाला आहे आणि सावली कुठे पडली आहे, ते नकाशावर शोधत तो विहार बंद करायच्या वेळेपर्यंत बसला होता. निकाल अजून लागायचा आहे.