खिडकी लाव, वास जातोय



गेल्या रविवारी मलकापुरात, म्हंजे कराडला लागून असलेल्या आमच्या मलकापुरात, घरची सगळी जमली. भाऊ पुण्यासनं पोरंबाळं घेऊन आला. आयनं मोठ्याचं मटण आणलं होतं. म्हशीचं. हळद-मीठ लावून गॅसवर पातेलं चढवलं, कांदा-खोबरं भाजून वाटण केलं, घरची कांदा-लसणाची चटणी घातली. सुकं वेगळं, रस्सा वेगळा, ज्वारीच्या भाकरी, भात, वर कांदा न् लिंबू. वास सुटला तशी आय म्हणाली, ''खिडकी लाव रं, वास जातोय.'' आणि आठ वर्षांच्या पुतण्याला बजावलं, ''कुणी इचारलं तर बोकडाचं म्हणायचं.''

पोरानं विचारलं, ''का?''

कुणी बोललं नाही. आम्ही सगळे ताटात बघत बसलो. त्या पोराचं उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून हे लिहितोय.

म्हशीवर बंदी नाही. १९७६ च्या कायद्यानं गायीची कत्तल बंद केली. २०१५ मध्ये त्यात वळू आणि बैल घातले; कापला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टानं ती बंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. कारण काय, तर घरात काय शिजतं हा माणसाचा खाजगी मामला. मग आमची आय भिते कुणाला? कोर्टाला नाही. ती भिते घरमालकाला, जिन्यातल्या कुजबुजीला, शाळेत पोराला पडणाऱ्या नावाला. कायदा बैलापाशी थांबतो. धाक मात्र म्हशीपर्यंत येतो आणि थेट आमच्या पातेल्यात उतरतो. २०२४ मध्ये सरकारनं देशी गायीला राज्यमाता ठरवलं. आमच्या आयला मात्र स्वतःच्या घरात खिडकी उघडायची चोरी!

आता आपल्यातले शहाणे. नोकरी लागली, ब्लॉक घेतला, की म्हणतात, ''आम्ही ते सोडलं. बाबासाहेबांनीच सांगितलं होतं.'' साफ खोटं! मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते मेलेलं. गावाचं मेलेलं ढोर ओढायचं, गावानं टाकलं ते खायचं, त्या बदल्यात मान खाली घालायची, ते सोडा म्हणाले. स्वतःच्या कमाईनं विकत आणून पोराबाळांना रांधून घालणं आणि ती लाचारी एकच का? उलट १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी मांडलं, की एके काळी ब्राह्मणही गोमांस खात होते. त्यांनी सोडलं आणि बौद्ध असलेल्या आमच्या पूर्वजांनी सोडलं नाही, यातनं अस्पृश्यता आली. म्हंजे ज्या घासापायी आमच्या पिढ्या गावाबाहेर राहिल्या, त्या घासाची लाज आम्हीच धरायची?

कुणी बावीस प्रतिज्ञांतली प्राणिमात्रांवरच्या दयेची प्रतिज्ञा पुढं करील. तिला मान तुकवून ज्यानं मांसच सोडलं, त्याला माझा जय भीम. पण बुधवारी कोंबडी, रविवारी बोकड, आणि दया येते ती फक्त मोठ्याची? ही दया नाही. हा शेजाऱ्याचा धाक आहे, त्याला धम्माचं नाव देऊ नका.

मसूर स्टेशन आमच्याच तालुक्यातलं. १९०१ मध्ये नऊ वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर तिथं उतरला, बैलगाडीनं कोरेगावकडं निघाला. जवळ अन्न भरपूर होतं. पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही, म्हणून पोरं रात्री उपाशी झोपली. पुढं आमच्या मलकापूरचं नाव झालं तेच चोवीस तास पाण्याच्या योजनेनं. पाणी दारात आलं, आणि अन्न लपवायची पाळी आली!

आणि दोस्तांनो, तुम्ही-आम्ही कार्यकर्ते काय करतो? स्टेजवर मोठ्याच्या मटणाची कविता म्हणतो, टाळ्या घेतो, आणि घरी येऊन आयत्या ताटावर बसतो. आय भित्री नाही. तिला डोक्यावरचं छप्पर राखायचंय. बाजारातनं पिशवी लपवून आणायची तिनं, वाटण वाटायचं तिनं, शेजाऱ्याला तोंड द्यायचं तिनं, आणि बोटं चाटायची आम्ही. ह्याला काय चळवळ म्हणायचं? पिशवी आपण आणू. वाटण आपण वाटू. मटणापायी कुणाची खोली सुटली तर त्या घरमालकाच्या दारात दहाजण जाऊन जाब विचारू. हे होत नसेल तर आयला खिडकी उघड म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

पुढच्या खेपेला पुतण्याला जवळ बसवून सांगणार आहे, ''बाळा, कुणी इचारलं तर म्हशीचं म्हण. आन् जेवायला ये म्हण.''