घरच्यांच्या वाट्याला

यंदा, २०२५च्या सप्टेंबरात, मराठवाड्यात गावंच्या गावं पाण्याखाली गेली. एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले, मेमध्ये जयंत नारळीकर. त्यांच्यावरचे लेख या अंकात आहेत. मला मात्र वर्षभर वेगळंच सलत आलं आहे. आपण ख्रिस्ती माणसं परक्यांशी जितकं गोड बोलतो, तितकं घरच्यांशी का बोलत नाही?

पूरग्रस्तांसाठी चर्चच्या आवारात धान्य भरणं चाललं होतं. एका स्वयंसेवकाला कुणा अनोळखी बाईंचा फोन आला. "काळजी करू नका ताई, आम्ही आहोत ना." किती माया होती आवाजात! लगेच दुसरा फोन. "काय गं आई? सांगितलं ना कामात आहे. ठेव." मुलगा वाईट नाही. रात्री उशिरापर्यंत पोती उचलत होता. म्हणूनच ते जास्त लागलं.

मार्काच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशू शास्त्री-परूश्यांना खडसावतो ते याच कारणासाठी. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं, असं सांगून हात वर करणं त्याला मुळीच खपलं नाही. पोप फ्रान्सिसही कुटुंबांना पुन्हा पुन्हा सांगत: घरातही परवानगी विचारा, आभार माना, चुकलं तर क्षमा मागा.

'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना रेव्हरंड टिळक माहीत आहेत. दारी आलेल्याला घरातलं उचलून देणारे, आणि घरात भडकणारेही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या आत्मचरित्रात काहीच झाकलेलं नाही. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. पुढे त्या परतल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. टिळकांनी बळजबरी केली नाही. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याजवळ राहून त्या आपला वेगळा स्वयंपाक करीत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं. टिळकांचे अभंग-कीर्तन थोरच, पण बायकोसाठी त्या तापट माणसानं धरलेला तो धीर मला त्याहून मोठी ख्रिस्तसेवा वाटते.

म्हणून यंदाचा विषय 'घर'. सेवाकार्याचे फोटो या अंकात नाहीत. ज्यांनी पाठवले ते रागावतील, त्याला माझा इलाज नाही. ती पानं आम्ही अंथरुणाला खिळलेल्या सासूचं, भ्रमिष्ट झालेल्या वडिलांचं वर्षानुवर्षं करणाऱ्यांच्या पत्रांना दिली आहेत. कथा-कवितांच्या आधी ती वाचा.