रविवार कोणाचा?

आठवड्याच्या सात वारांत रविवारासारखा लाडका वार दुसरा नाही. त्यातून तो शरद ऋतूतला रविवार असला, तर विचारूच नये. पाऊस उघडलेला असतो, कोलार नदीचे गढूळ पाणी निवळलेले असते, वावरात कापसाची बोंडे फुटू लागतात आणि आंबिया बहराची संत्री रंग धरू लागतात. दसरा मागे पडलेला, दिवाळी तोंडावर आलेली. अशा दिवशी सावनेरच्या गल्ल्यांतून सहज चक्कर मारली, तर सगळीकडे एक सुखद शांतता दिसते. ओट्यावर कोणी वर्तमानपत्र वाचतो आहे, कोणी मोबाईलमध्ये डोके घालून बसला आहे, मैदानावर मुलांचे क्रिकेट रंगले आहे. पाहणाऱ्याला वाटावे, सारे गावच विश्रांती घेत आहे.

परंतु ही शांतता ओट्यापुरतीच असते. उंबरठा ओलांडून आत पाहावे. तेथे रविवार हा आठवड्यातला सर्वांत मोठा कामाचा दिवस असतो. सहा दिवस तुंबलेले सारे काम या एका दिवसाची वाट पाहत असते. पावसाळ्यात कोंदटलेल्या गोधड्या उन्हात घालायच्या, चादरी धुवायच्या, भिंतींवरची जळमटे काढायची, फळीवरचे डबे उतरवून घासायचे, धान्याला ऊन दाखवायचे, डाळी निवडायच्या. आणि सगळे घरी आहेत म्हणून स्वयंपाकही रोजच्यासारखा चालत नाही. 'आज काहीतरी चांगले होऊ दे' अशी फर्माईश होते. आमच्या भागात मग पाटोडीचा रस्सा ठरतो. बेसन घोटून घट्ट शिजवायचे, ताटावर थापायचे, वड्या पाडायच्या, आणि कांदा, खोबरे, खसखस भाजून वाटलेल्या झणझणीत रश्शात त्या सोडायच्या. दोन-अडीच तासांचे काम, आणि पंधरा मिनिटांत ताटे रिकामी! नंतर भांड्यांचा ढीग. तेवढ्यात चहाची वेळ होते.

मला स्वयंपाकाचा तिटकारा आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. भाजलेल्या खोबऱ्याचा वास घरभर पसरावा आणि सर्वांनी एका पंगतीत बसून जेवावे, यासारखे सुख थोडेच असेल! स्वयंपाक ही विद्या आहे, आणि ती येते याचा मला अभिमानच आहे. माझा प्रश्न निराळा आहे. ज्या दिवसाला आपण सुट्टीचा दिवस म्हणतो, तो नक्की कोणाचा?

हा दिवस आपल्याला आयता मिळालेला नाही, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना पूर्वी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून साप्ताहिक सुट्टीची मागणी पुढे मांडली. त्यासाठी अर्ज झाले, सभा झाल्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीला जागा मिळाली. म्हणजे सहा वर्षांच्या धडपडीतून आपला रविवार जन्माला आला. ज्या काळी सभेत बोलणाऱ्या स्त्रीकडे समाज डोळे वटारून पाहत असे, त्या काळी दोघी जणी या मागणीसाठी उभ्या राहिल्या. परंतु गिरणीचा भोंगा रविवारी बंद झाला, तरी चुलीचा भोंगा कधीच बंद झाला नाही.

घरकामाला आपण काम मानतच नाही, हे यामागचे खरे कारण आहे. अर्थशास्त्राच्या तासाला पिगू या अर्थशास्त्रज्ञाचा एक दाखला ऐकायला मिळतो. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी लग्न केले, तर देशाचे राष्ट्रीय उत्पन्न कमी होते! काम तेच, हात तेच. फक्त पगार बंद झाला म्हणून ते हिशेबातून गळाले. वर्गात या दाखल्याला हशा पिकतो. मला मात्र त्या वेळी 'एकच प्याला' आठवते. ज्या राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या या सावनेरातच देह ठेवला, त्यांच्या त्या नाटकातली सिंधू दुसऱ्यांचे दळण दळून संसार ओढते. दुसऱ्यांसाठी दळले तेव्हा त्याची मजुरी झाली. तेच जाते ती स्वतःच्या घरासाठी ओढत असती, तर त्याला कोणी काम म्हटले असते काय?

आज जाते गेले, गॅस आला, मिक्सर आला. आता घरात काम राहिलेच किती, असे पुष्कळ जण विचारतात. त्यांच्यासाठी सरकारचेच आकडे देते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने सहा वर्षांवरील लोकांच्या वेळेची देशभर पाहणी केली. २०१९ मध्ये बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषांचीही नऊ वाचली! अंतर २०२ मिनिटांचे होते, ते २०१ झाले. शिवाय हे ९७ आणि ८८ मिनिटांचे आकडे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचेच आहेत. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरात सव्वीसच होते. स्त्रिया मात्र एक्याऐंशी. यंत्राने श्रम हलके केले, पण ते कोणी करायचे हे यंत्र ठरवीत नाही. ते आपण ठरवतो.

पुरुष घरात काहीच करीत नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चक्कीवर दळण नेणे, सिलिंडर लावणे, बाजारातून मटण आणणे, दिवाळीला भिंतीला चुना मारणे ही कामे ते करतात. पण या कामांचा स्वभाव पाहावा. ती एकदा केली की संपतात आणि केलेली दिसतात. 'बाबांनी मटण आणले' हे सर्वांच्या लक्षात राहते. वाटण कोणी वाटले, भांडी कोणी घासली, हे कोणी विचारीत नाही. स्त्रीच्या वाट्याला मात्र रोज करून रोज पुसली जाणारी कामे येतात. झाडलेले अंगण संध्याकाळी पुन्हा कचऱ्याने भरते.

कोणी म्हणेल, पुरुष सहा दिवस बाहेर राबतो, त्याने एक दिवस विसावू नये काय? जरूर विसावावे. पण आमच्यासारख्या घरांतल्या बायाही सहा दिवस बाहेर राबतातच. माझी आई कापूस वेचायला, निंदणाला रोजीने जाते. ज्या दिवशी मजुरी नाही, तो तिचा रविवार. मग तो कोणत्याही वारी येवो. ती एकदा सहज म्हणाली, "वावरात दुपारची भाकर खाताना घडीभर टेकाले तं भेटते, घरी थेही नाही." कारखाना कायद्याचे सारे सार मला या एका वाक्यात दिसले.

माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. 'मुली आता शिकू लागल्या' असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्यांच्या अभ्यासाचा वेळ येतो कोठून, हेही विचारले पाहिजे. परीक्षा जवळ आली की आई म्हणते, "तू बस पुस्तक घेऊन, मी करतो." माझ्या वाटणीचे काम नाहीसे होत नाही. ते भावाकडे जात नाही, बाबांकडे जात नाही. ते आईच्या पाठीवर जाते. ज्या घरी आई थकलेली असते, तेथे ते धाकट्या बहिणीच्या अंगावर पडते आणि तिची शाळा बुडते. म्हणजे एका मुलीच्या पदवीची किंमत घरातली दुसरी स्त्री मोजते. स्त्रीशिक्षणाचा आपला गाडा असा एकाच चाकावर किती दिवस चालणार?

यावर उपाय काय? २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँड या छोट्या देशातील सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम, दोन्ही बंद ठेवले. सारा देश अडला आणि घरकाम हेही काम आहे, हे लोकांना कळले. असा बंद आपल्याकडे व्हावा, असे मी म्हणत नाही. आपल्यासमोर अधिक जवळचा आदर्श आहे. आपल्या विदर्भातल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला आणि गावेच्या गावे झाडली. त्याने त्यांचा पुरुषार्थ उणा झाला नाही. आपले विद्यापीठ तर ग्रामगीता लिहिणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आपलेच वर्गबंधू परक्या गावाचे रस्ते झाडतात, पंगती वाढतात आणि मोठमोठी पातेली हसतमुखाने घासतात. त्याचे फोटोही निघतात. तेच हात घरी आल्यावर झाडूला का लागत नाहीत? शिबिरात जी सेवा ठरते, ती घरी कमीपणाची कशी ठरते?

म्हणून वर्गबंधूंना माझे सांगणे फार मोठे नाही. स्त्रीमुक्तीवर भाषण स्पर्धेत बोलू नका, फक्त येत्या रविवारी जेवण झाल्यावर आपापले ताट उचला, आणि त्याबरोबर आईचेही घासून टाका. गोधड्या उन्हात घाला. वाटण वाटायला शिका. त्यात अवघड काही नाही. आणि हे 'मदत' म्हणून करू नका. मदत दुसऱ्याच्या कामात करायची असते, हे काम तर घरातल्या साऱ्यांचे आहे.

लोखंड्यांना गिरणीमालकांकडून रविवार मिळवायला सहा वर्षे लागली. घरातला रविवार मिळवायला मालकाशी भांडायचे नाही, अर्ज करायचा नाही, सभाही भरवायची नाही. तो देणारे हात घरातच बसलेले आहेत. त्यांनी उठावे, एवढेच.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष