परीक्षा संपल्यावरचं वाचन

छत्तीसगडमधल्या रायपूरच्या नालंदा परिसराला कुलूप लागत नाही. २०१८ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय चोवीस तास उघडं असतं आणि मध्यरात्रीही तिथं मुलं वाचत बसतात. बहुतेकांपुढे स्पर्धा परीक्षेची पुस्तकं असतात. निकाल लागला की यातले किती जण आपणहून एखादी कादंबरी उघडतील, हा खरा प्रश्न.

याच छत्तीसगडमध्ये, पेंड्र्याहून, माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. घर मराठी, लेखणी हिंदी! पैशाअभावी ते तीनच वर्षांत बंद पडलं. सप्रे थांबले नाहीत. 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत नेलं. असं काम रोजच्या वाचनाच्या बैठकीशिवाय होत नाही.

म्हणून नालंदासारख्या अभ्यासिकांनी एक दालन अभ्यासक्रमाबाहेरच्या पुस्तकांसाठी राखावं. तिथं सप्रे असावेत, रायपूरचेच हिंदी लेखक विनोदकुमार शुक्ल असावेत, थोडं मराठीही असावं. घरी मात्र उपाय साधा आहे: रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सुरुवात आई-बाबांनी करावी. मुलांना नुसतं 'वाच' म्हणून आजवर कोण वाचायला लागलंय?